कॉकवरचं फडकं

सासूबाईंना वास येत नसे. "माझं नाक नुसतं चष्मा टेकवायला," असं त्या स्वतःच म्हणायच्या. म्हणून स्वयंपाक आटोपला की भिंतीवरचा गॅसचा कॉक हाताने चाचपून बंद करायच्या आणि ओटा पुसलेलं फडकं पिळून त्यावर टांगायच्या. फडकं दिसलं की कॉक बंद, हे घरात सगळ्यांना ठाऊक. सून गालातल्या गालात हसली तर म्हणायच्या, "हस बाई, हस. पण कॉक उघडा राहून डोळा लागला, तर हसायला कुणी उरत नाही."

त्या गेल्या आणि वर्षाच्या आत घरात बाळ आलं. सुनेने स्वयंपाकघर नवं करायला काढलं. शेगडीपाशी उभं राहून पाळणा दिसला पाहिजे, एवढाच तिचा हट्ट.

गॅसवाल्याने जुना कॉक काढला, तिथे सरळ पाइप जोडून लाइन दाराशी हलवलेल्या शेगडीपर्यंत नेली आणि तिच्याजवळ नवा कॉक बसवला. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. "निर्धास्त राहा, ताई." जुन्या जागेवर सुताराने फळी बसवली. स्क्रू रंगाखाली बुजले.

मग बाळाला दात यायला लागले आणि घराची झोप उडाली. एका दुपारी सुनेने दूध तापत ठेवलं. बाळ रडलं म्हणून ती आत गेली, त्याला कुशीत घेऊन जरा पाठ टेकली.

जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती.

दूध!

पातेलं अर्धं झालेलं. बर्नर विझून सायीने बुजलेला. शेगडीचं बटण उघडं, कॉकही उघडा. तरी वास नाही. जरासुद्धा नाही. आपलंही नाक गेलं की काय? कॉक फिरवून, खिडक्या उघडून, बाळाला छातीशी धरून ती जिन्यात पळाली.

गॅसवाला आला. शेगडीची नळी सोडवून त्याने नळीच्या तोंडावर फेस लावला आणि कॉक उघडला. फेस ढिम्म.

"गॅस येतच नाहीये, ताई. मधेच अडलाय."

ब्लेडने रंग कापून त्याने फळी काढली. आत पाइप सरळ, त्याने जोडला होता तसाच.

पाइपवर फडकं टांगलेलं होतं.

"हे कुणी..." तो फळीकडे बघत राहिला.

तिने हात घालून ते काढलं. फडकं ओलं होतं, नुकतं पिळल्यासारखं. नाकाशी नेलं. दुधाचा वास.

तेव्हा तिच्या लक्षात आलं, ओट्यावर दुधाचा थेंबही नव्हता.

मागे, नळीच्या तोंडाशी, फेसाचा बुडबुडा हळूहळू फुगत होता. गॅसवाल्याने झडप घालून कॉक बंद केला. मजुरी न मागताच तो गेला.

फळीला आता बिजागरी आहे. बाळाला घेऊन आडवं होण्याआधी सून रोज तिथे कोरडं फडकं टांगते. उठून बघते तर ते ओलं असतं. "भिंतीला ओल आली असेल," नवरा म्हणतो.

"असेल," ती म्हणते. फडक्याचा पीळ उलगडून ते वाळत घालते आणि उद्यासाठी दुसरं कोरडं घडी करून ठेवते.