सहाशे पांढरे कोट

वळणावर बसने करकचून ब्रेक लावला आणि हित्ती साम्राज्याची निम्मी फौज माझ्या पायाशी येऊन पडली.

फौज बिस्किटांच्या डब्यात होती आणि डबा समोरच्या बाकावरील मुलीच्या मांडीवर. बाहेर नॉटिंगहॅमचा नेहमीचा पाऊस होता, जो पडत नाही, नुसता हवेत उभा असतो. मी वाकून एक रथ उचलला. करंगळीएवढा धातूचा रथ, आणि त्यात तीन माणसे, प्रत्येकाच्या डोळ्यांत बुबुळसुद्धा रंगवलेले.

"तीन माणसं," मी म्हणालो. "म्हणजे हित्ती. इजिप्तच्या रथात दोनच असतात."

अनोळखी मुलीशी आपणहून बोललेले हे माझ्या आयुष्यातील पहिले वाक्य. मला तिथेच उतरून जावेसे वाटले. पण ती माझ्याकडे पाहत राहिली – पावसात एखादे ओळखीचे दुकान उघडे दिसावे, तशी.

"लोक विचारतात, ही खेळणी भाच्यासाठी का," ती म्हणाली. "तुम्ही पहिलेच. कुठे उतरणार?"

"चर्चच्या हॉलपाशी. आमचा क्लब आहे… टेबलावरच्या लढायांचा."

"मग रथ हातातच राहू द्या. मीही तिथेच चाललेय."

तिचे नाव टॅम्सिन. ती दात बनवत असे. दंतवैद्यांकडून आलेल्या साच्यांवर कवळ्या घडवायच्या आणि सोळा पांढऱ्या छटांमधून म्हाताऱ्या माणसाच्या हसण्याला शोभेल ती नेमकी निवडायची, हे तिचे काम. "आठवडाभर पांढरं बघून डोळे विटतात," ती सांगे. "रविवारी मला वाळू हवी, तांबं हवं, उन्हात भाजलेली माणसं हवीत." म्हणून तिने तीन हजार वर्षांपूर्वीचा रथांचा काळ धरला होता. मी नेपोलियनच्या काळातला. तीन वर्षे खपून मी अकराशे फ्रेंच सैनिक रंगवले होते. शत्रू मात्र अजून एकही नव्हता. माझ्या स्वभावाला ते धरूनच होते.

उन्हाळाभर आम्ही रविवारी एकाच टेबलावर रंगवत बसलो. तिचा ब्रश माझ्या पाण्यात बुडे, माझा तिच्या चहात.

एकदा तिने सहज विचारले, "विल्फ, मुद्दाम हरला आहेस कधी कुणाशी?"

"नाही. मला आपोआप हरता येतं."

ती हसली नाही. "माझं लग्न ठरलं होतं. तो दीड वर्ष माझ्याशी मुद्दाम हरत होता, मला बरं वाटावं म्हणून. एका रविवारी स्वतःच कबूल केलं, वर कौतुकाची वाट बघत बसला. मी अंगठी परत दिली. ते दीड वर्ष मी मूर्खासारखी खूश होते." तिने रथाच्या चाकावर तांबड्या मातीचा थेंब ठेवला. "तू तसं करू नकोस."

मी मान हलवली. आपण केवढे वचन देत आहोत, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

आमच्या क्लबात दर ऑक्टोबरला मतदान होते: मे महिन्यातील महायुद्ध कोणत्या काळातले खेळायचे. चोवीस फुटी टेबल, दोन दिवस, हजारोंच्या फौजा. जो काळ निवडला जाईल त्यावर सगळा क्लब वर्षभर राबतो. बाकीचे काळ डब्यात जातात. मतदानाच्या आदल्या रविवारी टॅम्सिन ब्रश पुसता पुसता म्हणाली, "रथ निवडले गेले नाहीत तर मी डर्बीच्या क्लबात जाईन. तिथे वर्षभर प्राचीन काळच खेळतात."

"लांब आहे," मी म्हणालो. मला म्हणायचे होते ते वेगळे होते.

"हो," ती म्हणाली. मी ब्रश धुतला. स्वच्छ होता, तरी धुतला.

मतदानाच्या दिवशी नॉर्मन अध्यक्षस्थानी होते. निवृत्त बसचालक, गेली एकोणीस वर्षे ते इंग्लंडच्या दोन राजघराण्यांमधले गुलाबांचे युद्ध सुचवतात आणि एकोणीस वर्षे त्यांना एकच मत पडते, त्यांचे स्वतःचे. त्यांचा प्रस्ताव विसाव्यांदा पडल्यावर कुणीतरी पहिले महायुद्ध सुचवले.

"चार वर्षं दोघं खंदकात," नॉर्मन म्हणाले. "वेंडी, चहा किती लागेल?"

"भांडं पुरायचं नाही," वेंडी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. हॉलच्या किल्ल्या आणि चहा तिच्या ताब्यात असतात. "आणि पाचला भजनी मंडळ येतंय, लवकर आटपा."

वाळवंटातील रणगाडेही बाद झाले. ते एकमेकांपासून इतके दूर असतात की टेबल रस्त्यापर्यंत न्यावे लागले असते. उरले दोन काळ.

टॅम्सिन उभी राहिली. "दोन साम्राज्यं, हजारो रथ, आणि लढाई संपल्यावर दोन्ही राजांनी जाहीर केलं, आपणच जिंकलो. नक्की काय झालं कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे मे महिन्यात आपण काहीही केलं तरी कोपऱ्यातून कुणी ओरडणार नाही की तिसऱ्या पलटणीची गुंडी चुकली." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुंड्या मोजणारेही हसले, आणि गुंड्या मोजणारा मुख्य माणूस मी होतो.

मग मी. हातातील कागद मी खिशात घातला. सोपे होते. अडखळायचे, खाली बसायचे, ती राहिली असती. सगळ्यांना ते खरेही वाटले असते. तिच्याकडे पाहिले. ती भुवई किंचित उंचावून बघत होती, जणू माझा ब्रश कुठे टेकतो ते पाहत असावी.

"मोठ्या लढाईला," मी म्हणालो, "तीन शस्त्रं हवीत, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा धाक हवा. घोडदळ आलं की पायदळाने चौकोन करायचा. चौकोन केला की तोफा त्याला फोडणार. तोफा पुढे आल्या की घोडदळ त्यांच्यावर. कुणीच निर्धास्त नाही. आणि सेनापती टेकडीवरून सगळं बघू शकतो, आपण टेबलाशी उभे असतो तसं. त्याआधी फौजा इतक्या मोठ्या नव्हत्या. त्यानंतर त्या एका नजरेत मावल्या नाहीत. म्हणून… हाच काळ."

इतके मी त्या हॉलमध्ये आजवर एकूणही बोललो नव्हतो.

हात वर झाले. पाच, पाच.

"सचिवाचं मत निर्णायक," नॉर्मन म्हणाले. "सचिव कोण?"

सचिव मी होतो. वही सुवाच्य अक्षरात लिहितो म्हणून नेमलेला.

"स्वतःच्याच प्रस्तावाला मत…" मी पुटपुटलो.

"नियमात लाजायचं कलम नाही, पोरा. बोल."

मी बोललो. "नेपोलियन." तीन वर्षांचे अकराशे सैनिक जिंकले आणि मला कुठेतरी बसून रडावेसे वाटले.

लोक खुर्च्या आवरू लागले. टॅम्सिनने रथ एकेक करून डब्यात ठेवले, झाकण लावले, कोट चढवला. मी दारापाशी गेलो. डर्बीची बस तेथूनच सुटते.

"मनापासून दिलंस मत?" तिने विचारले.

"हो. मला… तू जायला नको होतीस. पण मत मनापासूनच दिलं."

"ठाऊक आहे. तू बोलत असताना मला स्वतःलाच तुझ्या बाजूने हात वर करावासा वाटला. केला नाही, कारण तेही खोटं झालं असतं." तिने डबा दुसऱ्या काखेत घेतला. "तुझ्या फ्रेंचांशी लढणार कोण?"

"ऑस्ट्रियन. सहाशे तरी हवेत. अजून एकही नाही."

"गणवेश कसला त्यांचा?"

"पांढरा." मला ते सांगताना अपराध्यासारखे वाटले. "पायापासून गळ्यापर्यंत पांढरा."

ती रस्त्याकडे पाहत राहिली. डर्बीची बस आली, थांबली, दार उघडून मिटून निघून गेली.

"अडचण आहे," शेवटी ती म्हणाली. "मला पांढरा रंग अजिबात जमत नाही. कुणीतरी शिकवावा लागेल."

मी तोंड उघडले. सोळा छटा माझ्या जिभेवर आल्या होत्या, सगळ्या कवळ्या रांगेने उभ्या होत्या. मग मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती अतिशय गंभीर होती. फक्त कान लाल झाले होते.

मी तोंड मिटले. आयुष्यात प्रथमच मुद्दाम हरलो.

"पांढरा फार अवघड असतो," मी म्हणालो. "रोज संध्याकाळी बसावं लागेल. मे महिन्यापर्यंत."

"तेवढ्यात येईल?"

"नाही… पुढचं वर्षही धरावं लागेल."

तिने बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला आणि कोटाची गुंडी लावली – चुकीच्या काजात. मी ती गुंडी मोजली नाही.