आपट्याची पानं आणि थरथरणारा पंख

खोटं वाटेल, पण त्या दसऱ्याला देवगडच्या कातळसड्यावर विमानाचा एक पंख चक्क झोके घेत होता. तीन मीटर लांब, वजन अवघं सव्वा किलो. मऊ रबरी दोऱ्यांना टांगलं, की आपण हवेतच आहोत असं पंखाला वाटतं, असं मृण्मयीचे शास्त्रज्ञ आजोबा, म्हणजे आबा, सांगत. विमान बिनमाणसांचं. उद्या ते टपाल घेऊन अरबी समुद्रातल्या तरंगत्या वेधशाळेवर जायचं होतं. तिथे मृण्मयीची आई वर्षभर वाऱ्यांचा अभ्यास करत होती. उद्याची फेरी चुकली, तर पुढचं टपाल थेट संक्रांतीला.

आबांनी इवल्याशा हातोडीने पंखाला टिचकी मारली. पंख थरथरला आणि आबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. काल त्याची नैसर्गिक वारंवारता (टिचकी मारून सोडल्यावर वस्तू सेकंदाला जितक्या वेळा आपली आपण थरथरते, तो आकडा) वीस होती. आज एकोणीस.

"कुठेतरी तडा गेलाय," आबा म्हणाले. "तडा गेला की पंख ढिला पडतो आणि सावकाश थरथरतो. उद्या उडवायचा नाही."

तडा नसतानाही असं होतं का, मृण्मयीने हळूच विचारलं. होतं की, आबा म्हणाले, वजन वाढलं तरी होतं. मोजायचं यंत्र पंखाला चिकटवलं तर त्याच्याच वजनाने आकडा बदलतो, म्हणून तर आबा लांबून लेझरचा ठिपका टाकून थरथर मोजत. मागे एकदा पंखावर माशी बसली, तर ती जेवून आलीय की उपाशी आहे हेही आपण आकड्यावरून ओळखलं, असं त्यांनी शपथेवर सांगितलं.

एरवी ती हसली असती. आज तिने पंखाच्या टोकाची झडप उघडली आणि आतून आपट्याच्या पानांची जुडी काढली. सकाळपासून सगळे एकमेकांना सोनं म्हणून पानं देत होते. आईला कोण देणार? टपालाची पेटी तर कालच बंद झाली होती.

आबांनी झडपेत डोकावून पाहिलं.

"नेमकी टोकालाच ठेवलीस होय गं? तिथे पंख सगळ्यात जास्त हलतो. तिथली तीस ग्रॅमची जुडी त्याला पोत्यासारखी वाटते."

पुन्हा टिचकी. वीस.

विमान जाणार होतं, पण जुडीवरची मृण्मयीची मूठ काही सुटेना. आबांनी जुडीतून एक पान अलगद ओढलं, झडपेआड ठेवलं, टिचकी मारली. वीसच.

"एका पानाचं वजन या यंत्राला कळत नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईला कळेल."

दुसऱ्या दिवशी विमान ठिपक्याएवढं झालं, मग दिसेनासं झालं, तरी मृण्मयी समुद्राकडे बघत होती. मग तिने आबांना विचारलं, संक्रांतीला तिळगुळाचा केवढा लाडू चालेल. आबा म्हणाले, आणूया आणि टिचकी मारून बघूया.