अर्ध्या गाडीचे रविवार

त्याचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो आडवा. म्हणजे मी एका जुन्या लाल गाडीखाली उताणी पडले होते, हातात टॉर्च, केसांत माती. आणि पलीकडून आणखी एक टॉर्च आत आला. त्यामागून एक नाक आलं, मग दोन हसरे डोळे.

"ही गाडी मी बघतेय," मी म्हणाले.

"बघा की. मी फक्त गंज बघतोय."

"गंज माझ्या बाजूला आहे."

"माझ्या बाजूला वेल्डिंग आहे. या बघायला... जागा आहे."

जागा नव्हती. तरी मी सरकले.

"दोन गाड्या कापून एक केलीय ही," मी म्हणाले.

"प्रेमविवाह दिसतोय," तो म्हणाला. मी हसू दाबलं आणि डोकं सायलेन्सरवर आपटून घेतलं.

मी विमा कंपनीत सर्व्हेयर आहे. ठोकलेली गाडी आली की ती कशी ठोकली आणि मालक किती खोटं बोलतोय, हे शोधायचा पगार मला मिळतो. आठ वर्षं फक्त चेपलेल्या गाड्या पाहिल्या. एकदा, फक्त एकदाच, मला एक धड गाडी मोकळ्या वळणावरून जीव तोडून पळवायची होती. शहराबाहेरच्या ट्रॅकवर वर्षातून एकदा नवख्यांची शर्यत होते. मागच्या वर्षी मी 'कोणती गाडी घेऊ' करत बसले आणि अर्जाची तारीख निघून गेली. यंदा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

तो पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचा. त्यालाही तीच शर्यत, तेवढंच रडकं बजेट. त्या लाल गाडीला दोघांनी हात जोडले आणि समोर कॉफी प्यायला बसलो.

"एका गाडीवर दोन चालक चालतात. बायकांचा, पुरुषांचा गट वेगळा," तो कपाकडे बघत म्हणाला. "मी विचार करत होतो... अर्धी तुमची, अर्धी माझी?"

"अट एकच. गाडी साधी, हलकी, स्वस्त. उरलेले पैसे टायर, ब्रेक आणि हेल्मेटवर."

"इन्स्पेक्टरबाई, तुम्ही माझ्या तोंडचं वाक्य पळवलंत."

"मास्तर, तुमचं तोंड फारच सावकाश चालतं."

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अर्धी गाडी? पुढची का मागची?"

"भागीदारीत गं, आई."

"आणि भागीदार काय करतो?"

"गंज बघतो."

"तुझ्यात सापडला का काही?" आई म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

मग रविवार सुरू झाले. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, आणि जुनी गाडी पाहावी खालून! आम्ही बॉनेटला हात लावून बघायचो; गरम लागलं की समजायचं, मालकाने आधीच सुरू करून ठेवलीय, थंड इंजिन कुरकुरत असणार. एकाच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला, दुसऱ्याचं इंजिन तेल पिणारं, तिसऱ्याने तर पत्र्याच्या भोकावर स्टिकर लावलेला. दुपारी आम्ही कुठेतरी खायला बसायचो, आणि मला आठवड्यात काय काय झालं ते सगळं त्याला सांगावंसं वाटायचं. तो ऐकताना मान किंचित कलती करायचा. ती कलती मान मला सोमवारपासूनच आठवायला लागायची.

चौथ्या रविवारी आम्ही मेट्रनबाईंकडे गेलो. त्या हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या. घराचा जिना निर्जंतुक, कुंड्या एका रांगेत. गाडी नऊ वर्षांची, पांढरी. प्रत्येक सर्व्हिसची नोंद तारीखवार, रुग्णाच्या तक्त्यासारखी. बॉनेट गार. चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. खरं तर तिथेच टाळी द्यायला हवी होती.

तो खाली गेला. बराच वेळ खालीच राहिला. बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला.

"चासी वाकलीय," तो म्हणाला. "पुढच्या बाजूला."

चासी म्हणजे गाडीचा कणा. मीही खाली गेले, टॉर्च फिरवला, आणि बाहेर येऊन म्हणाले, "हो... दिसतंय खरं." मेट्रनबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. आम्ही आभार मानून निघालो. त्या दिवशी भुरभुर पावसात आम्ही एकाच छत्रीतून बसस्टॉपपर्यंत चाललो, आणि तीन बसेस मुद्दाम सोडल्या.

पुढचे दोन रविवारही कोरडेच गेले. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला, शनिवार. वेळ पाचपर्यंत. आणि सकाळी दहाला ऑफिसात गाड्या उचलून तपासायच्या लिफ्टवर कोणती गाडी चढावी? तीच, पांढरी. मेट्रनबाई फाइल पोटाशी धरून उभ्या.

"विमा संपलाय. नवा काढायचा तर तपासणी लागते म्हणे," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "तुम्ही सांगितल्यापासून मी येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगते हो, चासी वाकलीय म्हणून. कुणाला फसवायचं कशाला? दोघं दारातूनच परत गेले. सरळ करायला फार खर्च येईल का?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. लिफ्ट वर गेली. चासी पट्टीने आखल्यासारखी सरळ होती, कारखान्यातून निघाली तशी. मी रिपोर्टमध्ये तसं लिहिलं, त्यांना सांगितलं, "मावशी, गाडीत दोष नाही. मी चारपर्यंत घरी येते, समजावून सांगते," आणि अर्धी रजा टाकली.

एक गोष्ट मात्र मी रिपोर्टमध्ये लिहिली नाही. त्या रविवारीही मला ती सरळच दिसली होती.

वर्कशॉपमध्ये तो एकटाच लेथ पुसत होता.

"मास्तर, चासी सरळ आहे."

हातातलं फडकं खाली पडलं. "मला वाटलं तुम्ही तिथल्या तिथे पकडाल. तुम्ही 'हो' म्हणालात, आणि मग... माझी जीभच उचलेना."

"ती बाई आपलं खोटं सगळ्यांना खरं म्हणून सांगत बसलीय! आणि माझी शर्यत? मागचं वर्ष मी घालवलं, हे तुम्ही घालवलंत."

मी बरंच बोलले. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ना, तशी बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि मला स्वतःचाच राग येत गेला.

"चला," शेवटी मी म्हणाले. "माफी मागायला. गाडी द्यायची की नाही ते त्या ठरवतील."

मेट्रनबाईंनी आम्हाला समोर बसवलं. पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"इंजेक्शन दुखणार नाही, असं खोटं मी जन्मभर सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण त्याला कारण होतं. तुमचं काय कारण?"

त्याने दोनदा घसा साफ केला. "चूक माझी एकट्याची आहे. यांचा काही संबंध नाही. गाडी मिळाली असती तर... तर रविवारी यांना भेटायला मला निमित्त उरलं नसतं."

माझे कान तापले. त्याने सगळं स्वतःवर घेतलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. आणि मेट्रनबाई माझ्याकडे वळल्या, "तुम्ही तर आठ वर्षं हेच काम करता. तुम्हाला कसं दिसलं नाही?"

"दिसलं होतं," मी म्हणाले. "सरळच होती. मी पण खोटं बोलले... मलाही निमित्त हवं होतं."

तो माझ्याकडे वळला. मान कलती. "म्हणजे त्या दिवशी... तुला—"

"हो."

"आणि मघाशी वर्कशॉपमध्ये तू मला एवढं—"

"हो ना! मला लाज वाटत होती. आणि तू मला आवडतोस. दोन्ही एकदम कसं बोलणार?"

मेट्रनबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आमची नाडी बघत असल्यासारखं. मग माझ्या पर्समधून डोकावणारा शर्यतीचा अर्ज ओढून घेतला आणि गाडीमालकाच्या रकान्यात ठसठशीत सही केली.

"किंमत मी आधी सांगितली तीच. घासाघीस नाही. आणि काय रे, गाडी घेतली की रविवार संपतात, हे कुणी सांगितलं तुम्हाला? नऊ वर्षांची आहे ती. दर रविवारी काहीतरी मागेल."

सव्वाचार झाले होते. खाली त्याने चावी माझ्या हातात दिली.

"तू चालव. मला जरा बघत बसायचंय."

"रस्ता बघ."

"रस्ता नाही म्हणालो मी."

आणि आठ वर्षांच्या अनुभवाच्या बाईने पहिल्याच गिअरला गाडी बंद पाडली.