दोन टिंबं

लाकडं आत सरकवा रे जरा, आणि तो मोबाईल खिशात टाका. कोरपन्याच्या अलीकडे डांबरी सोडून एक फाटा आत जातो. त्या फाट्यावरच्या गोपाल निकोड्याची ही हकीकत. गोपाल अजून आहे, धडधाकट आहे. खोटं वाटलं तर सकाळी जाऊन विचारा. रात्री मात्र त्याच्यासमोर गाडीचं नाव काढू नका.

दोन हजार पंचवीस सालचा जानेवारी. पौषातली अमावस्या, बुधवार. तिन्हीसांजेला गोपाल शेंदूर आणायला बाजारात गेला होता.

दुकानातल्या सोनीबाईनं पुडी बांधता बांधता विचारलं, "अवसेच्या दिवशी शेंदूर? कोण्या देवाले गोपालभाऊ?"

"देवाले नाई बाई, गाडीच्या दाताले."

सोनीबाई हसली. गोपाल काही हसला नाही, पुडी घेऊन घरी आला.

आता हे दाताचं प्रकरण समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गोपालकडे जुनी अँबेसिडर होती. अशा गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, डिफरेन्शियल. त्याच्या आत एक मोठं दातेरी चाक, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन. ही दोघं कारखान्यातून जोडीनंच येतात, एकमेकांत घासून बसवलेली. एक मोडलं तर दोन्ही बदलायची. एकट्याचा दुसरा संसार लावून दिला, की गाडी आधी रडते आणि मग दगा देते.

जोडी नीट बसली का, ते शेंदूर सांगतो. तेलात कालवून क्राऊनच्या दातांना लावायचा. एकानं क्राऊन फिरवायचा, दुसऱ्यानं पिनियन घट्ट रोखून धरायचा. ठसा दाताच्या मधोमध उठला तर जोडी खरी. कडेला उठला तर बेजोड. हे काम दोन माणसांचं.

गोपालचा दुसरा माणूस म्हणजे जाफर. कोरपन्याला त्याचं गॅरेज होतं. शाळेपासूनचे दोस्त, ताटातलं वाटून खाणारे. गाडी गोपालची आणि हात जाफरचा. जाफर म्हणायचा, "धर." की गोपालनं धरायचं. आयुष्यभर हेच चाललं. शेवटची नवी जोडी बसवली तेव्हा जाफरनं टोकदार ठोकणी घेऊन हातोडीनं क्राऊनवर दोन टिंबं मारली आणि पिनियनवर दोन.

"हे काऊन?" गोपालनं विचारलं होतं.

"एक तुह्यं, एक माह्यं. आता कोनी बी उघडो, त्याले समजन का ही जोडी आपली आहे."

त्याच वर्षी, म्हणजे या अवसेच्या दोन वर्षं आधी, शिवरात्र होऊन गेल्यावर, गोपालच्या पोरीचं, दिव्यानीचं सामान भामरागडला पोचवायचं होतं. ती तिथल्या दवाखान्यात नर्स होती. ऐन वेळी गोपाल तापानं फणफणला, म्हणून जाफर गाडी घेऊन गेला. जंगलातल्या एका उतारावर मागची चाकं जागच्या जागी जाम झाली. गाडी रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, खाली नाल्यात गेली. जाफर तिथंच गेला.

गोपालचा साळा प्रफुल, म्हणजे बायको रुखमाबाईचा धाकटा भाऊ, त्याच दिवशी गोपालच्या कानाशी लागला. "भाऊजी, जाफरनं तुमच्या पाठीमागं नवी जोडी काढून जुनी टाकली होती. मले गॅरेजातल्या पोट्ट्यांनी सांगितलं. तुमाले फसवाले गेला अन् सोताच फसला."

आणि गोपालनं ते खरं मानलं. ज्याच्या हातावर डोळे मिटून भरवसा ठेवला, त्यानं आपल्याला दगा दिला, हे त्याच्या इतकं जिव्हारी लागलं की तो जाफरच्या मातीलाही गेला नाही. जाफरच्या घरावरून जायचं झालं तरी मान वळवायचा. दोन वर्षं!

गाडी ओढून आणून टिनाच्या शेडात लावली होती. प्रफुल आला की एकच म्हणायचा, भंगारात द्या. पण गोपालचं मन होईना. शेवटी त्यानं नागपूरहून नवी जोडी मागवली. घरीच उघडतो, एकट्यानं बसवतो, असं ठरवलं. रुखमाबाई पोरीकडे गेली होती. घरात तो एकटाच.

तर त्या बुधवारी त्यानं शेंदूर आणला, जेवला, आणि गोळा खाली काढून लाकडावर ठेवला. तुटलेल्या दाताचे तुकडे वेचून काढले. मग रॉकेलच्या बोळ्यानं पिनियन पुसला.

पिनियनवर दोन टिंबं होती.

गोपालनं पुन्हा पुसून पाहिलं. म्हणजे जाफरनं जुनी टाकली नव्हती. ही तीच जोडी. मग ती मोडली कशी? क्राऊनवर जळक्या तेलाचा डांबरासारखा थर होता, काही दिसत नव्हतं. त्यानं शेंदूर कालवला आणि उरलेल्या दातांना लावला. शेंदूर लबाडी करत नाही, हे त्याला जाफरनंच शिकवलं होतं.

पण पिनियन धरायला दुसरं होतं कोण? तेवढ्यात लाईन गेली.

अवसेचा अंधार. कपाशीकडून गार वारा येत होता. गावातलं एकही कुत्रं भुंकत नव्हतं. गोपाल मोबाईल चाचपडत होता...

"धर."

गोपालनं धरलं.

लक्षात घ्या पोरांनो. तो घाबरला नाही, दचकला नाही. आयुष्यभराची सवय. शब्द कानावर पडला आणि हात आपोआप पिनियनवर गेला. घट्ट आवळला.

आणि पलीकडून क्राऊन फिरला.

कर्र...

एक फेरा. सावकाश. जाफर फिरवायचा तसा, मध्ये जरा थांबून.

कर्र...

तेव्हा गोपालच्या ध्यानात आलं. आपले दोन्ही हात इकडं आहेत.

मग तिकडं...

हात सुटेना. पिनियनवरचा जोर जिवंत माणसाचा होता. पलीकडं श्वास नव्हता. बिडीचा वास होता. जाफरच्या बिडीचा.

"जाफर..."

काही नाही.

"जाफर, तू... हे तू नाई ना रे केलं?"

क्राऊन अजून अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

मग अगदी जवळून,

"पाह्य."

आणि पिनियन सैल पडला.

गोपालला मोबाईल सापडला. त्यानं उजेड पाडला. शेडात कोणी नव्हतं. दातांवर ठसे उठले होते. लालभडक. एकही मधोमध नाही. सगळे कडेला.

त्यानं नखांनी क्राऊनवरचा थर खरवडला. नखं फाटली तरी खरवडत राहिला. कडेनं पूर्ण गोल.

टिंब नव्हतं. एकसुद्धा.

सकाळी प्रफुल भंगारवाल्याचा टेम्पो घेऊनच आला. गोपाल रात्रभर तिथंच बसलेला, हात शेंदरानं लाल. त्यानं एवढंच विचारलं, "प्रफुल, माह्या जोडीतला क्राऊन कुठी आहे?"

प्रफुल आधी का-कू करत राहिला. मग त्याची नजर त्या लाल दातांवर गेली आणि तो बोलू लागला.

"भाऊजी... शिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रंत मी गाडी नेली होती ना. तुमाले न सांगता लय सवाऱ्या कोंबल्या. क्राऊनचा दात गेला. तुमी वरडान म्हून भंगारातला एकलाच क्राऊन टाकला अन् गाडी उभी करून देल्ली. मले का माहीत, जाफरभाऊच घेऊन जाईन..."

"अन् मंग नाव त्याचं काऊन घेतलं?"

मेलेला माणूस उठून जाब विचारत नाही, या हिशोबावर प्रफुल दोन वर्षं निवांत झोपला होता. घरातल्याच माणसानं घात केला होता, आणि त्याला आपण दर खेपेला चहा पाजला, हे आठवून गोपाल उठला.

तो तसाच, लाल हातांनी, जाफरच्या दारात गेला. जाफरची बायको सुरय्याबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, सूप थांबवून.

"कोनीतरी उघडलं होतं, हे मले माहीत होतं गोपालभाई," ती म्हणाली. "त्या दिवशी रस्त्यातून त्याहीचा फोन आला होता. म्हणत होते, गाडी रडून राह्यली. गोपालनं माह्या पाठीमागं कोनाच्या तरी हातून डिफरेन्शियल उघडलं. माह्यावर भरवसा नाई राह्यला त्याचा. आल्यावर पुसतो त्याले."

म्हणजे जाफर मेला तो असा. दोस्तानं दगा दिला, हे उराशी धरून.

"तुमी मातीले आले असते," सुरय्याबाई म्हणाली, "तं मी तवाच सांगितलं असतं, का ते तुमच्यावर खफा होऊन गेले. तुमी आलेच नाई. मले वाटलं, खरंच तुमीच उघडलं असन." आणि तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

दुपारी गोपाल घरी आला. नागपूरहून आलेली नवी जोडी खोक्यातच होती. वरची पट्टी न फाडलेली, आतला तेलकट कागद चिकटलेला. दोन टिंबं मारायची म्हणून त्यानं ठोकणी-हातोडी जवळ घेतली आणि मग खोकं फोडलं. कागद सोडवला. क्राऊन उलटा केला.

त्यावर टिंब होतं. ठोकणीनं मारलेलं, आणि त्यात शेंदूर भरलेला, ओला. पिनियनवरही तसंच.

दोन नाही रे. गोपालचं नव्हतं. जाफरचं, एकच.