रेमीची खुर्ची

ही हकीकत खरी आहे. क्लोतिल्डनं ती स्वतः सांगितली, आणि सांगताना एकदाही नजर वर केली नाही.

सप्टेंबर २०१८ चा रविवार. फ्रान्समधल्या पेर्श भागातलं एक खेडं. नाव राहू द्या, माणसं अजून तिथंच राहतात.

त्या दिवशी गावात माळे रिकामे करायचा बाजार होता. जो तो घरातलं जुनं सामान दारापुढे मांडून बसलेला.

क्लोतिल्ड आणि तिचा नवरा बास्तियाँ यांनी नुकतंच तिथं घर घेतलं होतं. घर सजवायचं ते जुन्या वस्तूंनीच, हा तिचा हट्ट. तांब्याची पातेली, पारा उडालेला आरसा, कुणाच्या तरी लग्नातल्या लेसच्या चादरी...

"हे घर आहे की मेलेल्यांचा आहेर?" बास्तियाँ चिडवायचा.

मादाम आर्नूंच्या दारापुढे ती थांबली. म्हातारीला दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात हलवायचं होतं. तिचा भाचा ल्यूक सगळं विकायला बसला होता.

सामानात लहान मुलाची उंच लाकडी खुर्ची होती. पुढे ताटलीपुरती फळी. चमचा आपटून आपटून फळीला बारीक खळगे पडलेले.

म्हातारीनं खुर्चीवर हात ठेवला.

"ही नाही हं, पोरी. ही रेमीची आहे."

मग ती पाणी प्यायला आत गेली.

"रेमी कोण?"

"मावशीचा मुलगा," ल्यूक म्हणाला. "दोन वर्षांचा असताना गेला. साठ वर्षं होऊन गेली त्याला. न्या तुम्ही. तिच्या लक्षातही राहायचं नाही."

क्लोतिल्डला नाही म्हणता आलं असतं.

तिनं घासाघीससुद्धा केली नाही. खुर्चीवर चादर टाकली आणि मागच्या गल्लीनं घरी आली.

स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, खुर्ची फार शोभून दिसत होती. फळीवर तिनं झाडाची कुंडी ठेवली.

सोमवारी दुपारी चार वाजता...

टक्. टक्. टक्.

ती धावत गेली. कुंडी खाली जमिनीवर होती. फुटली नव्हती. कुणीतरी अलगद उतरवून ठेवल्यासारखी.

मंगळवारी पुन्हा. बरोबर चारला.

बुधवारी बास्तियाँ घरी होता. आवाज आला तसा त्याचा कप ओठांशीच थांबला.

"उंदीर असेल."

"घड्याळ बघून येतो?"

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. चादरीसकट.

त्यानं कप खाली ठेवला. "परत देऊन ये," एवढंच म्हणाला.

गुरुवारी ती खुर्ची घेऊन वृद्धाश्रमात गेली.

"तुम्ही नाही म्हणालात ते मी ऐकलं होतं, मादाम. तरी नेली."

म्हातारी रागावली नाही. फळीवरून हात फिरवत राहिली.

"चार वाजता मी त्याला पाव आणि चॉकलेट द्यायची. इतकी वर्षं. एक दिवस चुकवला नाही."

मग तिनं क्लोतिल्डच्या मागे, दाराकडे पाहिलं.

"तू नुसती खुर्चीच आणलीस?"

"हो..."

"आणि तो?"



शुक्रवारी चार वाजले. टकटक नाही. तिला हायसं वाटलं.

आणि मग... पावलं.

अनवाणी. लहान.

खिडकीपाशी गेली. थांबली. तिथून बैठकीत. मग जिन्यापाशी. एकेका खोलीत... काहीतरी शोधत असल्यासारखी.

शनिवारी ती पुन्हा वृद्धाश्रमात धावली. मादाम आर्नू पहाटेच गेल्या होत्या. खुर्ची ल्यूकनं त्याच सकाळी कुणाला तरी देऊन टाकली होती. कुणाला, ते त्याला सांगता येईना. क्लोतिल्डनं कितीतरी बाजार पालथे घातले. खुर्ची मिळाली नाही.

या गोष्टीला सात वर्षं झाली. बास्तियाँ दुपारी घरी थांबत नाही. क्लोतिल्ड थांबते. चारला पाव आणि चॉकलेट खिडकीपाशी ठेवते.

त्याला कुणी हात लावत नाही.

एकदा धीर करून तिनं हाक मारली. "रेमी..."

पावलं थांबली.

आणि तिच्यापासून लांब पळत गेली.