टेकडीवरचं रिकामं हेलिकॉप्टर

मेडशीच्या रानात भर उन्हाळ्यातही एक झरा वाहतो, असं सरकारच्या कानावर गेलं होतं. तिथं तलाव होईल का ते ठरवायला झऱ्याचा फोटो हवा होता. म्हणून १९५७च्या मार्चमध्ये आम्ही तिघं हेलिकॉप्टरनं निघालो : वैमानिक जगदेव, वाट दाखवायला तांड्यावरची चंदाबाई आणि मी, मंगरूळपीरचा फोटोग्राफर रज्जाक.

खाली निष्पर्ण साग आणि मधूनच मोहाची तांबूस पालवी सरकत होती. चंदाबाई काचेला नाक लावून ओरडली, "रज्जाकभाई, माहा तांडा पाय! खेळन्यासारखा दिसून राह्यला!"

तांड्याच्या वरच, कड्यापर्यंत उतरत गेलेला माळ होता. जगदेवनं तिथं यंत्र टेकवलं. बॅटरी कमजोर, इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यानं ते चालूच ठेवलं, यंत्र वर उचलणारा दांडा खाली दाबून तो हलू नये म्हणून त्याचा स्क्रू आवळला आणि झरा बघायच्या हौसेनं आमच्यामागं उतरला.

"काहून रे? याच्यापाशी कोनी नाई थांबत?" चंदाबाईनं विचारलं.

"पळून थोडंच जातंय!" जगदेव हसला.

माळाच्या वरच्या अंगाला झरा झुळझुळत होता. मी कॅमेरा काढला, तोच इंजिनाचा आवाज बदलला. मागं पाहिलं. हादऱ्यांनी स्क्रू सैल झाला होता! दांडा वर सरकला होता! रिकामं हेलिकॉप्टर उड्या मारत कड्याकडे घसरत होतं. आणि कड्याखाली तांडा!

"माही लेकरं!" चंदाबाई किंचाळली.

जगदेव सरळ उतारावरून धावला. त्या बाजूला जमीन उंच, त्यामुळे पाती डोक्याच्या उंचीवर फिरत होती. घाबरून तो ते विसरलाच! मी कॅमेरा फेकला. झेप घेतली. त्याचा पाय धरला. दोघं मुरमात आपटलो. पातं डोक्यावरून सूं करत गेलं!

"खालच्या बाजूनं जातो!" तो धापा टाकत म्हणाला. वळसा घालून, वाकून, तो आत घुसला. दांडा दाबला. इंजिन बंद! पाती हळूहळू थांबली. तोवर यंत्राच्या बुडाचा एक आडवा पाय कड्याबाहेर लोंबकळू लागला होता.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून बॅटरी आली. तांड्यावरच्या माणसांनी यंत्र सपाट जागी ओढून ठेवलं होतं. कॅमेऱ्याचा चुरा झाला होता, पण मी हसतच जगदेवशेजारी बसलो.

पाती फिरू लागली. जगदेवची खूण मिळताच चंदाबाई समोरून, वाकून आली. हातात झऱ्याच्या पाण्याचा तांब्या होता.

"फोटो गेला तं गेला! तुया सायबाले हे पाज!"

जगदेवनं एक हात दांड्यावर ठेवला आणि जागेवरून न उठता दुसरा लांब केला.