ओलं नाव

ज्या घरात हे घडलं, त्या घरी मी अजूनही जाते. तिथे जेवते, हसते, गप्पा मारते. पण त्या एका भिंतीकडे पाठ करून बसत नाही. बाकी काय ते तुम्हीच ठरवा.

रात्र नव्हती. भर दुपार होती. आमच्या कुमासी शहरात हरमॅटनचा, म्हणजे वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा सुटला होता. धुळीने सूर्य फिका पडला होता, ओठ फुटत होते, दोरीवरचे कपडे बघता बघता कडक होत होते.

हा कोरडेपणा लक्षात ठेवा...

पोकुआ माझी धाकटी जाऊ. तैलरंगात चित्रं काढायची. गरोदरपणात तिला टर्पेंटाइनचा वास सोसेना. कुंचले डब्यात पडून राहिले. त्याहून वाईट म्हणजे काही काढावंसंच वाटेना.

"ताई, आतलं सगळं आटलंय गं," असं म्हणून एकदा माझ्यापाशी रडलीसुद्धा.

मग बाळ झालं.

आणि त्या दुपारी खिडकीतून पिवळट उजेड त्याच्या गालावर पडला. पोकुआचे हात शिवशिवले.

बाळाला अजून नाव नव्हतं. आमच्यात ते आठव्या दिवशी पहाटे ठेवतात. तोवर मूल पाहुणं. जुनेरात गुंडाळायचं, कौतुक करायचं नाही. कारण तिकडेही, आत्म्यांच्या जगात, त्याची एक आई असते. तिचं पोर इकडे निघून आलेलं असतं...

आणि ती त्याला शोधत असते.

पोकुआची आई, आफ्राकोमा, बाळंतपणाला आली होती. मासळी आणायला निघताना तिने लेकीकडे पाहिलं.

"अशी टक लावून बघू नकोस त्याच्याकडे. भुकेली मांजर बरी!"

"आई, माझंच आहे ना ते?"

"नाव ठेवलं की तुझं. आत्ता उसनं आणलंय, समज."

पोकुआ हसली. आईची पावलं गल्लीत विरली आणि तिने कॅनव्हास लावला.

किती महिन्यांनी! जवसाच्या तेलाचा वास आला आणि तिला भरून आलं. रंग लोण्यासारखा पसरत होता. तपकिरीत थोडा गेरू, गालावर कणभर पिवळा. चुकलं तरी तेलात घाई नसते. बोटाने सारवावं, पुन्हा लावावं. बाळाच्या पाठीखाली तिने स्वतःचा हात काढला. मागे नुसता पातळ अंधार ठेवला.

चित्र तिला इतकं आवडलं, की तिच्याकडून ती चूक झाली.

बाळासाठी सासऱ्यांचं नाव ठरलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. कुंचल्याच्या मागच्या टोकाने पोकुआने ते कोपऱ्यातल्या ओल्या रंगात कोरलं. कोरताना हळूच उच्चारलंही.

मघापासून चाललेलं बाळाचं रडणं थांबलं.

एकदम... मधेच कापल्यासारखं.

ते डोळे उघडे ठेवून कॅनव्हासकडे बघत होतं. पोकुआने छातीशी धरलं, पण तोंड उघडेना. अंग गार. संध्याकाळभर तसंच. आफ्राकोमाने शेक दिला, टाळूवर तेल घातलं. चित्राचं मात्र पोकुआने तिला सांगितलं नाही.

सकाळी पोकुआने चित्रावरचं फडकं काढलं.

असल्या कोरड्या वाऱ्यात मागचा तो पातळ रंग एव्हाना खडखडीत वाळायला हवा होता. बोट लावलं तर... ओला.

आणि बाळाखालचा हात तिचा राहिला नव्हता. बोटं लांब झाली होती. अंगठा दुसऱ्याच बाजूला होता.

म्हणजे हात चित्राच्या आतून आला होता.

तिची किंकाळी ऐकून आफ्राकोमा धावत आली. चित्र पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं शहाणे! पाहुण्याला चेहरा दिलास तो दिलास, वर नावही कोरलंस? आता तिकडच्या आईला हाका मारायला सोपं झालं!"

पोकुआने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि नावावर दाबली.

बाळाचा श्वास थांबला.

ओठ राखेसारखे झाले. तिने चिंधी फेकली... श्वास परत आला.

पुसता येणार नव्हतं. जाळायचा तर प्रश्नच नव्हता.

"मग नाव तिला राहू दे," आफ्राकोमा दात आवळून म्हणाली, "पोर आपण ठेवू."

आठव्या दिवशी पहाटे सगळे अंगणात जमले. सासरच्या थोरल्या काकांनी बाळाला मांडीवर घेतलं. आफ्राकोमा त्यांच्या कानाशी लागली. काका भडकले.

"आमच्या भावाचं नाव सोडून हे? लोक शेण घालतील तोंडात!"

"घालू देत. पोर जगेल."

काकांनी पोकुआकडे पाहिलं. ती गुडघे टेकून बसली होती. त्यांनी रीतीप्रमाणे बाळाच्या जिभेवर पाण्याचं बोट लावलं, मग दारूचं.

"सुमिना," ते म्हणाले.

सुमिना म्हणजे उकिरडा. असलं पोर कोण चोरून नेणार?

बाळाने टाहो फोडला. पोकुआने छातीशी घेतलं, तर असं ओढायला लागलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका हसल्या. "उकिरड्याला भूक लागली गं!"

तेवढ्यात आतून आवाज आला.

खर्र... खर्र...

रंगाची सुरी कॅनव्हासवर घासावी तसा. घर रिकामं होतं. आम्ही सगळे अंगणात होतो.

चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलं. पोकुआने पुन्हा कुंचला धरला नाही. जवसाच्या तेलाची बाटली अजून आहे. कधीकधी ती नुसतं बूच उघडून वास घेते.

सुमिना मोठा झाला. गुटगुटीत, खोडकर. "ए उकिरड्या" म्हटलं की धावत येतो. ते दुसरं नाव आमच्यापैकी कुणी तोंडातून काढत नाही. वाटलं, संपलं.

पण यंदा त्याला शाळेत घातलंय. आता तो दिसेल ते वाचतो. दुकानांच्या पाट्या, साबणाचे कागद, अक्षराला अक्षर जोडत.

परवा मी गेले तेव्हा पोकुआ मागे कपडे वाळत घालत होती. घरात शिरले.

चित्र सुलट टांगलेलं होतं.

सुमिना स्टुलावर उभा होता, चित्राच्या कोपऱ्यातल्या त्या नावाशी. त्याच्या बोटाला तपकिरी रंग... ओला.

"काय करतोयस रे तिथे?" मी दारातूनच विचारलं.

"अभ्यास," तो वळूनही न बघता म्हणाला. "ती म्हणते, वाचता येत नसेल तर आधी बोटाने गिरव."